थांबायच्या जागा

चंद्रपुरात पठाणपुरा गेटच्या आत कवेलूंचं एक घर होतं. घरात म्हातारी आई, थोरला मुलगा, सून आणि नववीत शिकणारी नात. धाकटा मुलगा भामरागड तालुक्यात आश्रमशाळेवर मास्तर. तो दिवाळीत यायचा, उन्हाळ्यात यायचा, पावसाळ्यात मात्र त्याच्या येण्याचा भरवसा नसायचा. थोरला कोळसा खाणीच्या कार्यालयात हिशेब पाहायचा. माणूस सरळ आणि कामाला चोख. त्याने मांडलेल्या वहीत वरिष्ठांना कधी खाडाखोड सापडली नाही. घरातलं लग्न असो की बारसं, त्याची यादी झाल्याशिवाय पान हलत नसे.

चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला त्याला थंड हवेची ओढ समजावून सांगावी लागत नाही. मे महिन्यात पारा ४७-४८ वर जातो, रात्री उशिरापर्यंत भिंती तापलेल्या असतात, कूलरच्या टाकीत पाणी ओतता ओतता घरातली माणसं दमतात. पहिला पाऊस पडला की गाव बाहेर पडायला बघतं. पण ताडोबाचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद, आणि महाबळेश्वर राज्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून पावसाळ्यात विदर्भातल्या माणसाच्या तोंडी आधी नाव येतं ते चिखलदऱ्याचं. मेळघाटात, गाविलगडच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवरचं हे गाव. वऱ्हाडच्या सपाटीवरून आलेला ओला वारा या कड्यांवर चढतो, चढताना गार होतो, आणि ढग डोक्यावर न राहता रस्त्यात, अंगणात, ओसरीत येऊन बसतो. भर पावसाळ्यात तिथं दिवस दिवस सूर्य दिसत नाही.

आईला ओढ होती ती भीमकुंडाची. दर चातुर्मासात ती पांडवप्रताप वाचायची. विराटाच्या घरचा अज्ञातवास आला की तिचा आवाज बदलायचा. बल्लव झालेला भीम, सैरंध्री झालेली द्रौपदी, आणि तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक. त्या कीचकाला मारून भीमाने चिखलदऱ्याच्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, असं तिकडचे लोक सांगतात. "तेवढं कुंड एकदा पाहू दे बाप्पा, मग कुठं नेऊ नको मले," असं ती थोरल्याला दर वर्षी म्हणायची.

त्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. शुक्रवार, शनिवार, रविवार. थोरल्याने महिनाभर आधी लांब वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले: वेळ, ठिकाण, किलोमीटर, खर्च. झेंडावंदन आटोपून नातीला घरी यायला साडेआठ. नऊला निघायचं. बाराला नागपूर, तीनला अमरावती, सव्वाचारला परतवाडा, सव्वापाचला चिखलदरा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून देवी पॉइंट वीस मिनिटं, भीमकुंड वीस मिनिटं, पंचबोल वीस मिनिटं, हरिकेन पॉइंट पंधरा. गाविलगडाला चाळीस. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी वेढा घालून घेतलेला, दोन डोंगरांच्या अंगावर पसरलेला तो किल्ला चाळीस मिनिटांत कसा बघून होणार, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. त्याचा रकाना भरला होता. कॉफीचे मळे जाता जाता गाडीतून. रबडी आणि खवा रविवारी निघताना. राहायच्या जागेचे दोन रात्रींचे पैसे त्याने आगाऊ भरून टाकले. सुट्ट्या जोडून आल्यामुळे भाडं चढलेलं होतं, आणि भरलेली रक्कम परत मिळणार नाही हे पावतीवर स्पष्ट लिहिलं होतं. ती पावती त्याने वहीत चिकटवली.

गाडी भाड्याची ठरली. गाडीमालकाने सांगितलं, ड्रायव्हर म्हातारा आहे पण माणूस लाखाचा. अहेरी आगारात त्याने जन्मभर एसटी चालवली आहे. सगळे त्याला मामा म्हणत. निघायच्या आधीच्या रविवारी मामा रस्ता समजून घ्यायला घरी आला. थोरल्याने मोठ्या उमेदीने वही त्याच्यासमोर ठेवली. मामाने चष्मा लावला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, आणि चहा येईपर्यंत काही बोलला नाही.

मग म्हणाला, "लय साजरं लिवलं जी भाऊ. पन हे सगळं जायचं झालं. थांबायचं कुठं लिवलंय?"

"थांबायचं कशाला? रस्ता चांगला आहे. चिखलदऱ्याला पोचलो की थांबायचंच आहे."

"ते नाई म्हनत मी. नऊले निघून सव्वापाचले पोचता, त काकू मधात कुठं उतरनार?"

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. हा प्रश्न तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होता, पण रेघा मारलेल्या वहीपुढे तो काढायला तिला जड जात होतं. शहात्तर वर्षांच्या बाईला तास-दीड तासाने उतरावं लागतं, आणि उतरायला जागा बरी लागते, तिथं पाणी लागतं, दाराला कडी लागते. चारशे किलोमीटरच्या वाटेत अशा जागा किती आहेत हे बायकांना ठाऊक असतं आणि गाडी चालवणाऱ्याला. मामाने पेन्सिल मागून घेतली आणि वहीच्या समासात नावं लिहिली: वरोऱ्याला आनंदवन, जांब चौरस्ता, नागपूरच्या बाहेर एक, कोंढाळी, मोझरी. "मोझरीले तुकडोजी महाराजांच्या समाधीवर काकूंचे हातही जोडून होतील," तो म्हणाला. आईचा चेहरा खुलला. थोरल्याने मनात बेरीज केली. दीड तास वाढला.

"म्हणजे चिखलदऱ्याला पावणेसात," तो म्हणाला.

"परतवाड्याले पावनेसात धरा. पानी असंल, सुटीची गर्दी असंल. त्याच्यापुढं घाट आहे. तीस किलोमीटर, चढन भरपूर. अंधार आन् धुकं संगंच आलं त आपन परतवाड्याले मुक्काम करू. तेवढे पैसे आजच बाजूले काढा. खर्च झाले समजा."

थोरल्याला हे पटलं नाही. वर दोन रात्रींचे पैसे भरलेले असताना खाली तिसऱ्या रात्रीचे कशाला? पण आईसमोर वाद नको म्हणून त्याने शेवटच्या ओळीत लिहिलं: परतवाडा, एक मुक्काम, लागल्यास. 'लागल्यास' या शब्दाखाली त्याने दोन रेघा ओढल्या.

मामाला ही सवय कुठून लागली ते सांगायला हवं. आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता घनदाट जंगलातून जातो. पेरमिली, ताडगाव, हेमलकसा, आणि मग भामरागडच्या वेशीवर पर्लकोटा नदी. तिथून जवळच पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिघींचा संगम आहे. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे चढतं. जुना पूल ठेंगणा. तो बुडाला की भामरागड आणि पलीकडची सगळी गावं जगापासून तुटतात, कधी एक दिवस, कधी आठवडाभर. आता तिथं उंच पुलाचं काम निघालं, पण मामाची नोकरी त्या ठेंगण्या पुलावरच गेली. त्याचा नेम एकच होता. पाणी पुलावर चढलं की गाडी अलीकडे उभी. मग गाडीत कोण बसलंय, किती घाईत आहे, ते तो विचारायचा नाही. हेमलकशात किंवा ताडगावात शाळेच्या व्हरांड्यात प्रवाशांची पथारी पडायची. कुठल्या गावात कोणाकडे चूल मिळते, कोणत्या दुकानात उधारीवर तांदूळ मिळतो, हे त्याला तोंडपाठ होतं, कारण पावसाळा सुरू व्हायच्या आधी तो हे सगळं बोलून ठेवायचा.

त्याच रात्री धाकट्याचा फोन लागला. आईने विचारलं, "तू येशील ना?" तो म्हणाला, "पूल उघडा राहिला तर दोन दिवस आधी अलीकडे येऊन बसेन. नाहीतर नाही येत. पोरं शाळेत असताना पाणी चढलं आणि मी बाहेर असलो, असं व्हायला नको." थोरला चिडला. दर पावसाळ्यात याचं हेच. त्याने फोन हातात घेऊन मामाची गोष्ट सांगितली, तक्रारीच्या सुरात.

धाकटा ऐकून म्हणाला, "दादा, इथं तर सगळा तालुका तेच करतो. इथं पाऊस येऊ नये असं कोणी धरत नाही, येणारच असं धरून सगळं चालतं. पावसाळ्यात वाट तुटते अशा गावांना चार महिन्यांचं रेशन आधीच पोचवायचं असतं, नवसंजीवनी योजनेत तशी सोय आहे. माडिया माणसं उन्हाळ्यातच कवेलू फेरतात, सरपण आत घेतात. ज्या बाईचे दिवस भरत आलेत तिला पाणी चढायच्या आधी दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवायचं, म्हणून आशाताई दारोदार फिरतात. एखादी नाही आली की काय होतं ते मी पाहिलंय. खाटेवर घालून नाल्याच्या काठापर्यंत आणतात आणि पाणी उतरायची वाट बघत बसतात." एवढं बोलून तो गप्प झाला. थोरल्याने विषय बदलला.

शुक्रवार उजाडला तो पावसातच. नातीच्या शाळेचं झेंडावंदन वर्गात झालं. मेथीच्या दशम्या, जवसाची चटणी, चिवडा, पाण्याचा कॅन असं सगळं गाडीत चढलं. धाकटा आला नव्हता. पर्लकोटा बुधवारीच पुलावरून वाहत होती. शेजारचं कुटुंबही त्याच दिवशी चिखलदऱ्याला निघालं होतं, त्यांची स्वतःची गाडी होती, आणि दोन्ही गाड्यांनी बरोबर राहायचं असं ठरलं होतं.

वाटेत काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. मामाने लिहिलेल्या प्रत्येक जागी गाडी थांबली, आई प्रत्येक जागी उतरली, आणि मोझरीला समाधीपाशी तिने नातीला जवळ घेऊन डोळे मिटले. शेजारी दोनदा थांबले, मग पुढे निघून गेले. अमरावतीच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. परतवाड्यात शिरताना पावणेसात होऊन गेले होते. पाऊस भुरभुरत होता. गावापलीकडे जिथं डोंगर असायला हवा होता तिथं नुसता करडा रंग होता, आणि वरून उतरून आलेल्या एका ट्रकचे दिवे भर गावात अजून पेटलेले होते.

मामाने गाडी बाजूला घेतली, उतरला, आणि त्या ट्रकवाल्याशी बोलून आला. "धारखोऱ्यापासून वर काई दिसत नाई म्हनते. भाऊ, इथं थांबू."

थोरल्याने घड्याळ पाहिलं. "तीस किलोमीटर राहिले मामा. एक तासाचं काम. वर खोली घेतलेली आहे, पैसे भरलेत. शेजारचे कधीच वर गेले."

"पैसे भरले म्हनून धुकं हटत नाई जी."

माणसं घाटात धोका का पत्करतात याचा विचार केला तर मला वाटतं, निष्काळजी माणसापेक्षा आगाऊ पैसे भरलेला चोख माणूसच अनेकदा जास्त पुढे रेटतो. पावती खिशात असते, ती वाया जाणं त्याला डोळ्यांसमोर दिसतं. दरी दिसत नसते. थोरला कधी कोणाच्या जिवाशी खेळणारा माणूस नव्हता. त्याला फक्त त्याची वही खोटी ठरू द्यायची नव्हती. तो परत परत किलोमीटर सांगत राहिला.

मागच्या सीटवरून आईने विचारलं, "आता वर गेलो त आज काही दिसन का?"

"आज कसं दिसेल आई, अंधार पडतोय."

"मग आज कायले जाता?"

गाडीत कोणी बोललं नाही. मग सुनेने वही पुढे केली. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. 'लागल्यास' खालच्या दोन रेघा तिथं होत्या.

परतवाड्याच्या लॉजची खोली साधी होती, चादरी ओलसर होत्या, पण गरम पाणी मिळालं. नऊच्या सुमाराला शेजाऱ्यांचा फोन आला. ते सुखरूप पोचले होते. वेळ लागला, गाडी रांगत नेली, पण पोचले, आणि आता गरम पिठलं-भाकरी खात बसले होते. "तुम्ही उगाच थांबलात," ते म्हणाले, आणि ते त्यांच्या जागी खरंच होतं. त्यांची रात्र छान गेली. त्यांच्या मुलांनी खिडकीच्या आत शिरणारा ढग पाहिला.

थोरल्याला झोप येईना. तो खाली आला तर मामा व्हरांड्यात बसून काहीतरी करत होता. त्याच्या मांडीवर पिवळा जिलेटिन कागद, कात्री आणि जुन्या ट्यूबचे कापलेले रबरी पट्टे. तो कागद दिव्यांच्या मापाने कापत होता.

"मामा, ते पोचले."

"पोचनारच. बहुतेक पोचतातच जी."

"मग आपण कशाला थांबलो?"

मामाने कात्री खाली ठेवली. "आपन पोचनार नाई म्हनून थांबलो नाई, भाऊ. आपल्याले दिसत नव्हतं म्हनून थांबलो. पुढं काय होनार ते ना तुमाले ठाव होतं, ना मले, ना त्याहिले. पर्लकोट्याच्या काठी मी कितीदा थांबलो, आन् तासाभरात पानी उतरलं. लोक तोंडावर बोलायचे, मामा भेकड आहे. एकदा एक मास्तर उतरून पायीच गेला पुलावरून, कंबरभर पान्यातून. गेला सुखरूप. पलीकडून हात दाखवला त्यानं मले. मंग मी काय म्हनावं? त्याचं बरोबर होतं?"

थोरला गप्प.

"जे झालं नाई ते कोनाले दिसत नाई. त्याचा हिशेब कोनत्याच वहीत येत नाई. म्हनून मानूस थांबला की त्याचं नुकसान दिसते, आन् चालत राह्यला की फायदा दिसते. मी तीस वर्सं गाडी हाकली. माह्या गाडीतून उतरलेला मानूस घरी गेला, एवढंच मले माहीत. त्यातला कोन थांबल्यानं वाचला आन् कोन असाच वाचला असता, ते मले आजबी नाई सांगता येनार."

बराच वेळ दोघं पावसाकडे पाहत बसले. मग थोरल्याने एक पट्टा उचलला आणि विचारलं, हा दिव्यावर बसवायचा कसा.

सकाळी सात वाजता गाडी घाटाला लागली. उजेड होता, धुकं होतंच. मामाने दिवे खाली ठेवले. नातीने विचारलं, मोठा लाईट का नाही लावत? "फुल लाईट मारला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येते बेटा. खालचा ठेवला की रस्त्याची कड दिसते. मले कडच पाह्यजे." खालून चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम, पण समोरून येणाऱ्या दोन गाड्या तो नियम ओळखत नव्हत्या, दोन्ही वेळा मामा डोंगराच्या अंगाला उभा राहिला आणि त्यांना जाऊ दिलं. एका वळणावर थांबून त्याने खिशातून तंबाखूची चिमूट काढली आणि समोरच्या काचेवर बाहेरून चोळली. पाण्याचे थेंब काचेला धरून बसेनात, ओघळून जायला लागले. आतल्या बाजूने वाफ धरत होती तर सगळ्यांना खिडक्या बोटभर उघडायला लावल्या. परतवाड्यापासून साडेसातशे मीटर चढून गाडी वर आली तेव्हा हवा अशी गार होती की नातीने आजीची शाल अर्धी ओढून घेतली.

भीमकुंडाच्या कठड्यापाशी ते पोचले आणि समोर काहीच नव्हतं. पांढरं. कठड्याच्या पलीकडे हातभरावर जग संपत होतं. फक्त खाली, फार खोल, पाणी कोसळत असल्याचा आवाज, आणि तो आवाज वारा फिरला की जवळ यायचा, लांब जायचा. थोरल्याच्या पोटात खड्डा पडला. एवढी वर्षं आई ज्याची वाट पाहत होती ते हे. त्याने वही काढली. भीमकुंड, वीस मिनिटं. "आई, पंचबोलला जाऊ, तिथं कदाचित मोकळं असेल. परत येताना बघू."

आई कठड्याला दोन्ही हात लावून उभी होती. "थांब जरा," ती म्हणाली. मग तिने नातीला कीचकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. नर्तनशाळेतला अंधार, पलंगावर सैरंध्रीच्या जागी पांघरूण घेऊन पडलेला भीम, आणि अंधारात चाचपडत आलेला कीचक. नातीने ही गोष्ट टीव्हीवर पाहिली होती, पण आजीला ती अशी सांगताना तिने ऐकलं नव्हतं. आजूबाजूला उभी असलेली दोन-चार अनोळखी मुलंही जवळ सरकली. भुट्टे भाजणाऱ्या बाईने शेगडीवरून मान वर केली आणि आपल्याकडे हीच गोष्ट जरा वेगळी सांगतात, ते म्हातारीला ऐकवलं. दोघींचं बोलणं लांबत गेलं.

थोरल्याने एकदा घड्याळ पाहिलं. मग वही पिशवीत टाकली आणि सगळ्यांसाठी भुट्टे घेतले. देवी पॉइंट राहिला, पंचबोल राहिला, हरिकेन पॉइंट राहिला, आणि गाविलगडाच्या फक्त दरवाज्यापर्यंत ते दुपारी जाऊन आले. ढग अखेरपर्यंत हटला नाही. रविवारी परतीच्या वाटेवर अंधाराआधी नागपूर गाठायचं म्हणून ते सकाळीच उतरले, रबडी घ्यायची राहून गेली, आणि नातीने त्याबद्दल दोन दिवस कुरकुर केली.

हे झाल्यावर थोरला एकदम बदलला असं नाही. ऑफिसात तो तसाच राहिला, आणि परतवाड्याच्या लॉजचे पैसे त्याने वर्षभराच्या हिशेबात 'किरकोळ' खाली टाकले. पण पुढच्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर, पारा ४७ ला असताना, त्याने तीच लांब वही काढून पट्टीने रेघा मारल्या तेव्हा सुनेला वाटलं, यंदा पचमढी. ती चहा घेऊन आली तर रकान्यांत लिहिलं होतं: मीठ दोन पोती, टॉर्च आणि सेल, मच्छरदाण्या, ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅड, वह्या, मेणबत्त्या. धाकट्याशी तीन रात्री फोनवर बोलून त्याने ही यादी शाळेतल्या पोरांच्या संख्येप्रमाणे मांडली होती. शेजारच्यांनी मच्छरदाण्यांचे पैसे दिले. आईने चातुर्मासासाठी बाजूला ठेवलेले पैसे आणून दिले आणि कशाला ते विचारू नको म्हणाली.

मग त्याने मामाला बोलावलं. वही समोर ठेवली आणि या खेपेला पेन्सिल आधीच काढून ठेवली होती. "मामा, निघायचं कधी?"

"रोहिनी लागली की निघू. मिरग बरसायच्या आत परत आलं पाह्यजे. आष्टीवरून आलापल्ली, तिथं मुक्काम. दुसऱ्या दिवशी ताडगाव, मंग पुढं."

"आणि परत येताना? गाडी रिकामीच येणार. तेवढं डिझेल वाया जातं."

"रिकामी कायले येईल? धाकल्या भाऊले इचारा, दिवस भरत आलेल्या कोन्या बाईले पुलाच्या अलीकडं आनायचं असंल त. आशाताईले ठाव असते. तिले आपल्या गाडीत घेऊ, माहेरघरी सोडू, मंग आपन घरी."

थोरल्याने लिहून घेतलं. मग थांबून विचारलं, "सामानाला जागा व्हावी म्हणून मधली सीट काढून ठेवणार होतो. काढू का?"

"नका काढू," मामा म्हणाला. "सामान वर कॅरियरवर बांधू, ताडपत्री टाकून. येताना त्या बाईले आडवं व्हायले जागा लागनार."